शिडीवरचा चाळिसावा

एकोणचाळीस.

चिटणीसबाईंनी तिसऱ्यांदा मोजलं, या वेळी मागून पुढे. मागून मोजल्याने माणसं वाढत असती, तर जगात एकही सभा तहकूब झाली नसती. तरी तिने मोजलं. खिडकीपाशी शिवण विभागातल्या अकरा जणी, मधल्या रांगांत कापणीवाले, आणि दाराजवळ पॅकिंगवाले, एक पाय आत अन् एक पाय बाहेर. एकोणचाळीस म्हणजे एकोणचाळीसच.

तिला 'बाई' म्हणायचे ते थट्टेने. वय अवघं सव्वीस. हातमोज्यांच्या या कारखान्यात ती अंगठे शिवायची. मोज्याची चार बोटं कुणीही शिवेल, पण अंगठा बसवायला हात लागतो आणि तो हात तिच्याकडे होता. मागच्या वर्षी ती कामगार संघटनेची चिटणीस म्हणून बिनविरोध निवडून आली, कारण दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. ती मात्र ठासून सांगायची, "बिनविरोध म्हणजे सगळ्यांच्या पसंतीने."

"पोरी, चार मिनिटं उरली," अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष म्हणजे कापणीतले सगळ्यात जुने कामगार, कटरकाका. "करू का तहकूब?"

"चार मिनिटं उरलीत ना काका? मग चार मिनिटं थांबू या."

थांबणं भागच होतं. गणपूर्ती चाळीसची, चाळीस माणसं नसली तर ठराव करता येत नाही. संघटनेची घटना लिहिणारी माणसं भलतीच कडक होती. तहकूब झालेल्या सभेलाही त्यांनी सूट ठेवली नव्हती, आणि तीन वेळा सभा तहकूब झाली की तो विषय वर्षभरासाठी बाद. ही तिसरी वेळ होती. विषय होता सुईपट्टीचा. शिवणयंत्राच्या सुईपुढे बोटभर लांबीची एक पट्टी बसवायची, म्हणजे बोट सुईखाली जात नाही. जगाचे हात सांभाळायला मोजे शिवणाऱ्या बायकांच्या बोटांत सुया घुसत होत्या, आणि पट्टीचा ठराव मात्र एका माणसावाचून अडला होता.

टण्ण!

तिच्यासमोरच्या उघड्या इतिवृत्ताच्या वहीवर एक स्क्रू येऊन पडला. ती दचकली. वर पाहिलं, तर कॅन्टीनच्या पंख्याखाली शिडी, आणि शिडीच्या वरच्या पायरीवर कारखान्याचा वायरमन. बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, कानामागे पेन्सिल. हा कधीपासून तिथे होता कोण जाणे.

"सॉरी हं," तो वरून म्हणाला. "तेवढा स्क्रू देता?"

तिने स्क्रू उचलला. दिला नाही.

"तुम्ही संघटनेचे सभासद आहात?"

"आहे की. नोकरीला लागलो त्याच दिवशी फॉर्म भरलाय. चार वर्षं झाली."

"मग सभेला कधी दिसला नाहीत ते?"

"कुणी बोलावलं नाही."

"फलकावर नोटीस लागते."

"त्या फलकावरची ट्यूब मीच बदलतो. नोटीस वाचतोसुद्धा. पण..." तो जरासा घुटमळला, "नोटीस म्हणजे काही बोलावणं नव्हे."

तिने घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट.

"मग आता बोलावते. तुम्ही या सभेला."

"खाली उतरू?"

"वर राहा, खाली राहा, पण हजर राहा!" आणि सभेकडे वळून ती म्हणाली, "चाळीस."

"शिडीवरचा माणूस धरतात का कुठे?" पॅकिंगमधून कुणीतरी ओरडलं.

तिने घटनेची पुस्तिका उचलून दाखवली. "इथे लिहिलंय, 'सभागृहात उपस्थित'. पाय जमिनीला लागलेले असावेत असं कुठे लिहिलंय, तेवढं दाखवा. मी आत्ता हातमोजे सोडून पायमोजे शिवायला बसते."

हशा पिकला. काकांनी टेबलावर थाप मारली आणि सभा सुरू झाली.

सुईपट्टीचा ठराव तिनेच मांडला. सूचक ती स्वतः, पण अनुमोदक मिळेना. अनुमोदन देणाऱ्याचं नाव इतिवृत्तात जातं, आणि इतिवृत्ताची प्रत मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर. ज्या अकरा जणींची बोटं पणाला लागली होती, त्याही एकदम खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाहेर बघण्यासारखं काहीएक नव्हतं, नुसती भिंत.

"माझं अनुमोदन," वरून आवाज आला.

तिने मान वर केली. तो तिच्याकडेच पाहत होता, अगदी निवांत, जणू शिडी म्हणजे आरामखुर्ची. तिने मान खाली घातली आणि लिहिलं. 'उपस्थित चाळीस, पैकी एक शिडीवर.' लिहिताना अक्षर थोडं बिघडलं. पंखा तर बंद होता, म्हणजे वाऱ्याला दोष देण्याचीही सोय नव्हती.

सभा संपली तेव्हा तो खाली उतरला.

"माझा स्क्रू?"

"पुढच्या सभेनंतर."

"आणि तोवर पंखा?"

"एका स्क्रूवाचून कुणाचं काही अडत नाही," ती तोऱ्यात म्हणाली.

पुढच्या बुधवारी तो सव्वाचारला हजर. "स्क्रू न्यायला आलोय." ती म्हणाली, "सभेनंतर." सभा झाली, आणि हा गडी स्क्रू न घेताच निघाला. ती मागून म्हणाली, "स्क्रू विसरलात!" तो दारातून म्हणाला, "पुढच्या बुधवारी नेतो." त्याच्या पुढच्या बुधवारी तेच. त्याच्याही पुढच्या बुधवारी तेच. स्क्रू तिच्या पेनांच्या डबीत पडून होता आणि पंखा त्याच्यावाचून झकास फिरत होता. न समजण्याइतकी ती भोळी नव्हती, पण समजलंय असं दाखवण्याइतकी उतावळीही नव्हती.

शिवण विभागात मात्र चर्चा सुरू झाली.

"काय गं, हल्ली बुधवारी केस धुऊन येतेस?"

"बुधवारी सभा असते."

"सभा गेल्या वर्षीही होती. केस तेव्हा नव्हते का?"

हजेरी वाढत चालली. चव्वेचाळीस, एक्कावन्न, अठ्ठावन्न. काका चकित. "पोरी, ही माणसं येतात तरी कशासाठी, ते एकदा कळलं पाहिजे. म्हणजे तेच वाढवता येईल." तिला ते पटलं. पुढच्या सभेला तिने चिठ्ठ्या वाटल्या. नाव नको, फक्त एका ओळीत उत्तर द्या. 'सभेला का आलात?'

चिठ्ठ्या वाचायला ती मोठ्या उमेदीने बसली. हक्क, एकजूट, न्याय असं काहीतरी निघेल अशी तिची खात्री होती. निघालं ते असं: 'मैत्रीण येते म्हणून.' 'काका मशीनपाशी येऊन म्हणाले, तू नसलीस तर अडतं.' 'मागच्या सभेत मी बोललो ते चिटणीसबाईंनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. माझं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं.' 'घरी पाहुणे आलेत.' आणि एक चिठ्ठी, कडेला काळ्या चिकटपट्टीचा डाग, पेन्सिलीचं तिरकं अक्षर: 'चिटणीसबाईंमुळे.'

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आधी गोड वाटलं, हे खरं. नंतर मात्र राग आला, आणि राग गोडीपेक्षा वरचढ ठरला. म्हणजे ती वर्षभर घसा फोडून बोलली, ते ऐकायला नव्हे, तर बघायला आला हा! सुईपट्टी गेली वाऱ्यावर?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने त्याला जिन्यात गाठलं.

"हे अक्षर तुमचं?"

त्याने चिठ्ठी पाहिली. "माझंच. खोटं काय लिहिलंय?"

"हे बघा, मी सभासद मोजते, चाहते नाही. सभेला यायचं तर सभेसाठी यायचं. कारणच खोटं असेल तर हजेरीही खोटी."

"कारण खोटं नाही. तुम्ही समजता तसं नाही ते..."

"मला समजतं!" तिने डबी उघडली आणि स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवला. "हा घ्या तुमचा स्क्रू. आता बुधवारी यायचं कारण उरलं नाही."

त्याने मूठ मिटली आणि तो जिना उतरून गेला. तिला वाटलं होतं आपण जिंकलो म्हणून. पण दुपारभर तिने जे अंगठे शिवले त्यातले दोन उलट्या हाताला बसले, आणि असं तिच्या हातून शिकाऊ असतानाही झालं नव्हतं.

बुधवारी तो आला नाही. आलं ते मॅनेजरसाहेबांचं पत्र. सुईपट्टीचा ठराव झाला त्या वेळी वायरमन पंखा दुरुस्त करत होता, म्हणजे कामावर होता. कामावरचा माणूस सभेस उपस्थित धरता येत नाही. सबब उपस्थिती एकोणचाळीस, ठराव अग्राह्य. येत्या बुधवारी साहेब स्वतः येऊन वायरमनला विचारणार होते.

"म्हणजे तो काय बोलेल त्यावर सगळं आलं," काका म्हणाले. "तो पंख्यासाठी आलो होतो म्हणाला, की पट्टी गेली वर्षभर."

ज्याला हाकललं, त्याच्याच तोंडून आता 'मी सभेला होतो' हे यायला हवं होतं. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा, तोही नेम धरून.

संध्याकाळी आई भाजी निवडत होती. आईनेही याच कारखान्यात बावीस वर्षं काढली होती. तिच्या उजव्या हाताची तर्जनी सुईने कायमची वाकडी झालेली. भाजी निवडताना ते बोट इतरांपासून फटकून राही. लहानपणापासून ती ते बोट बघत आली होती. सुईपट्टीच्या मागे ती हात धुऊन लागली ती त्या बोटापायी.

"आई, तू सभेला का जायचीस गं?"

"मी?" आई हसली. "खुर्चीसाठी."

"कुठल्या पदाच्या?"

"पदाच्या कसल्या! बसायच्या. मशीनपाशी बिनपाठीचं स्टूल. कॅन्टीनच्या खुर्च्यांना पाठ होती. तासभर पाठ टेकायला मिळायची म्हणून जायचे."

"आई! खरंच?"

"खरंच. पाठ टेकता टेकता चार शब्द कानावर पडले. ऐकता ऐकता एक दिवस उठून बोलले. मग पाठ दुखायची थांबली तरी जात राहिले." आईने एक किडकं पान बाजूला टाकलं. "माणूस कशासाठी येतो ते काय धरून बसायचं? आल्यावर काय करतो ते बघावं."

सगळ्यांनी खिडकीकडे तोंडं फिरवली, तेव्हा अनुमोदन कुणी दिलं होतं? शिडीवरच्याने.

सकाळी पाळी सुरू होण्याआधी ती स्विचरूमच्या दारात उभी राहिली. आत तो वायर सोलत होता. त्याने पाहिलं, आणि पुन्हा वायर सोलू लागला.

"लाइट गेली का?"

"नाही."

"मग?"

"चूक झाली. माझी," ती म्हणाली. "म्हणजे... अर्धी."

"आणि उरलेली अर्धी?"

"ती तुमची. एवढंच लिहायचं असतं का? माणसाने कारण जरा नीट लिहावं."

"रकाना तुम्हीच एवढासा ठेवला होता," तो म्हणाला. ओठांच्या कडेला हसू आलंच होतं, त्याने ते आवरलं.

"बुधवारी साहेब विचारतील. मी तुम्हाला खोटं बोला म्हणणार नाही. पट्टी हवीय मला, फार हवीय. पण खोट्यावर नको. जे खरं असेल तेच सांगा."

"सगळं खरं?"

ती दारातून वळली होती, तशीच थांबली. "सगळं नको... गणपूर्तीपुरतं."

बुधवारी कॅन्टीनमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. ब्याऐंशी माणसं! खुर्च्या संपल्या, खिडक्यांचे कट्टे संपले. वायरमन आला तर बसायला काहीच नाही. कोपऱ्यात शिडी होती. त्याने ती सरळ केली आणि तिसऱ्या पायरीवर टेकला. एकच हशा झाला.

मॅनेजरसाहेब माणूस वाईट नव्हता, फक्त कागदाच्या पलीकडे त्याला दिसत नसे. चष्मा पुसून त्याने विचारलं, "त्या दिवशी तू पंख्यासाठी आला होतास की सभेसाठी?"

"पंख्यासाठी आलो साहेब."

तिचं पेन थांबलं. कॅन्टीनभर चुळबुळ झाली.

"सभेसाठी थांबलो," तो म्हणाला, आणि खिशातून घडी घातलेलं जॉबकार्ड काढलं. "हे बघा. पंखा चालू झाला, वेळ तीन पंचावन्न. खाली कॅन्टीनवाल्यांची सही. चारला पाळी सुटली. सभा सव्वाचारची. त्या वेळी मी कुणाच्याच कामावर नव्हतो."

साहेबांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "मग काम झाल्यावर शिडीवर काय करत होतास?"

"खाली उतरलो होतो. तेवढ्यात लोक यायला लागले. मला जावंसं वाटेना, आणि खुर्चीत जाऊन बसायचा धीर होईना. चार वर्षांत कधी बसलो नव्हतो ना. म्हणून पंखा बंद केला आणि पुन्हा वर चढलो. शिडी आपली, ओळखीची."

कुणी हसलं नाही.

"साहेब, मी वायरमन. या कारखान्यात मला बघून माणसं एकच वाक्य बोलतात, 'लाइट गेली.' लाइट आली की मी दिसत नाही. त्या दिवशी चिटणीसबाईंनी वर बघून विचारलं, 'तुम्ही सभासद आहात?' आणि म्हणाल्या, 'मी बोलावते, या.' कुणी बोलावलं तर माणूस येतो. चिठ्ठीतही मी तेच लिहिलं होतं... चिटणीसबाईंमुळे."

तिने मान वर केली नाही. वहीवरच्या ओळी एकमेकींत मिसळल्या होत्या. इतका साधा अर्थ, आणि आपण किती शहाणपणाने चुकीचा वाचला! तिला रडू येत होतं आणि त्याच वेळी फार छान वाटत होतं, दोन्ही एकदम.

साहेबांनी कार्ड परत दिलं. "वेळ स्पष्ट आहे. उपस्थिती चाळीस. ठराव ग्राह्य." थोडं थांबून म्हणाले, "महिनाअखेर पट्ट्या बसवून घेऊ." आणि ते गेले.

मग जो गलका झाला तो काही विचारू नका. अकरा जणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. त्यांतली एक बोट नाचवत म्हणाली, "आता सुईला अंगठा दाखवायचा!" काका टेबलावर थापा मारून दमले. शेवटी कशीबशी शांतता झाली तेव्हा नेहमीप्रमाणे म्हणाले, "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय. आहे का कुणाचा?"

टण्ण!

वहीवर स्क्रू. तोच.

"माझा आहे," शिडीवरून आवाज आला. "आधी एक कबुली. हा स्क्रू पंख्याचा नाही. पहिल्या दिवशीही नव्हता. खिशातला होता आणि तो पडला नव्हता. मी टाकला होता."

"का?" काकांनी विचारलं. अध्यक्षांनी विचारावं लागतं.

"बाई तीन वेळा मोजत होत्या, आणि तिन्ही वेळा त्यांची नजर वर येत नव्हती."

सगळं कॅन्टीन एकदम "ओऽऽ" करून उठलं. तिने चेहरा शक्य तितका चिटणीसाचा ठेवला.

"विषय काय तेवढं बोला," ती म्हणाली. "इतिवृत्त लिहायचंय."

"माझी सूचना अशी," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज किंचित हलला, "की यापुढे दर बुधवारी सभा संपल्यावर चिटणीसबाईंनी माझ्याबरोबर चहा घ्यावा. आणि पुढे... पुढे दोघांना पटलं, तर बुधवारपुरतंच ठेवू नये."

"सूचना आली," काका गंभीरपणे म्हणाले. "अनुमोदन?"

बाकी सगळ्यांचे हात वर गेले. काकांनी सगळे खाली करायला लावले. "तुमचं कुणाचं चालणार नाही रे!"

वर पंखा फिरत होता, त्या वाऱ्याने वहीचं पान फडफडलं. तिने स्क्रू उचलून पानावर ठेवला आणि पान जागच्या जागी राहिलं. मग तिने सावकाश लिहिलं, आणि संघटनेच्या नियमानुसार लिहिलेलं वाचून दाखवलं.

"सूचक, वायरमन. अनुमोदक..." तिने वर पाहिलं. या वेळी मोजताना नव्हे. "चिटणीस."

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. पॅकिंगमधला तो नेहमीचा आवाज ओरडला, "ओ बाई, आणि गणपूर्तीचं काय?"

"या विषयाला गणपूर्ती दोनच," ती म्हणाली, वही मिटली, आणि शिडीपाशी जाऊन हात पुढे केला. "चल, उतर आता खाली. चहा गार होतोय."